ओटीवरच्या जुन्या सागवानी दिवापेटीत एलईडी पट्ट्या बसवाव्यात का?

पोफळीची बाग (अंजर्ले)

नमस्कार. आमच्या घराच्या ओटीवर तुळईला एक सागवानी पेटी टांगलेली आहे. गावात वीज आल्यावर माझ्या आजेसासऱ्यांनी ती गावातल्याच सुताराकडून करून घेतली. आतली लांबी ७५ सेंटिमीटर, रुंदी ३६ आणि खोली ११. तळाला दुधी काच असून चारही बाजूंना कोरीव पट्ट्या आहेत. आत दोन फुटांच्या, प्रत्येकी २० वॅटच्या दोन ट्यूब, दोन चोक, दोन स्टार्टर आणि गंजून पापुद्रे सुटलेला पत्रा एवढा संसार आहे. एक ट्यूब गेली दोन वर्षे नुसती लुकलुकते. दुसरी पावसाळ्यात स्टार्टर फिरवल्याशिवाय पेटत नाही आणि पेटली की चोकची घरघर माजघरापर्यंत ऐकू येते.

गणपतीला दोन महिने उरले आहेत. धाकटे दीर म्हणतात की पेटी काढून टाकावी आणि तिथे चौकोनी पॅनेल लावावे. सासूबाईंना ते मुळीच मान्य नाही आणि मलाही नाही. पेटी आहे तशी ठेवून आतल्या ट्यूबच्या जागी एलईडी पट्ट्या बसवाव्यात असे मनात आहे. पट्टी किती लागेल, किती व्होल्टची घ्यावी, तिचा ड्रायव्हर (घरची वीज तिच्या व्होल्टला उतरवणारी डबी) कुठे ठेवावा आणि मुख्य म्हणजे आमच्या हवेत ती टिकेल का, हे जाणकारांनी सांगावे. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. श्रावणात आमच्या कपाटाची पितळी कडीसुद्धा हिरवी पडते.

रातांबा (रत्नागिरी)

ताई, पट्ट्यांच्या फंदात पडू नका. दोन फुटांच्या १० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब आणा, चोक आणि स्टार्टर काढून टाका, होल्डर आहेत तेच राहू द्या. वीस मिनिटांत काम संपेल आणि उरलेल्या दोन महिन्यांत घर सारवून होईल.

निवृत्त वायरमन (गुहागर)

रातांबा यांचा सल्ला चुकीचा नाही, पण वीस मिनिटे हा आकडा ज्याने जुन्या घरातली पेटी कधी उघडलेली नाही त्याचा आहे. मी ३४ वर्षे हेच काम केले, म्हणून आधी चार गोष्टी सांगतो. पट्टीचा विचार त्यानंतर करावा.

पहिली गोष्ट अशी की नुसते बटण बंद करून पेटीत हात घालू नये. आपल्याकडच्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरचे वायरिंग असते आणि पुष्कळ ठिकाणी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते. बटण बंद केले तरी होल्डरपर्यंत फेज जिवंतच राहते. मेन स्विच खाली करावा, मग टेस्टरने दोन्ही तारा तपासाव्यात आणि तो टेस्टर चालू आहे याची खात्री आधी दुसऱ्या चालू ठिकाणी करून घ्यावी. बटण न्यूट्रलवर असेल तर ते याच वेळी फेजवर घ्या, कारण एरवी एलईडी बसवल्यावर बटण बंद असतानाही रात्री पेटी मंद उजळलेली दिसते आणि घरातली मंडळी उगाच भुताखेताच्या गोष्टी सुरू करतात.

दुसरी गोष्ट तारेची. रबरी वेष्टनाची जुनी तार चोकच्या उष्णतेने भाजून कडक झालेली असते. ती वाकवली की वेष्टनाचा भुगा होऊन खाली पडतो. तशी असेल तर तुळईवरच्या जोडापासून नवी तार ओढावी.

तिसरी गोष्ट कपॅसिटरची. जुन्या फिटिंगमध्ये चोकसोबत कधी कधी एक गोल डबीसारखा कपॅसिटर असतो. वीज बंद केल्यावरही त्यात भार राहू शकतो, म्हणून त्याच्या टोकांना बोटे लावू नयेत.

चौथी गोष्ट अर्थिंगची. आत पत्रा राहणार असेल किंवा ॲल्युमिनियम येणार असेल तर त्याला अर्थिंगची तार हवीच. घरात ती नसेल तर आधी ती करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. दमट भिंतींच्या घरात हा खर्च पेटीपेक्षा महत्त्वाचा आहे.

एलईडी ट्यूबबद्दल एक इशारा. काही ट्यूबना एकाच टोकाला फेज आणि न्यूट्रल द्यावी लागते, तर काहींना दोन टोकांना एकेक. खोक्यावरची आकृती न बघता जुन्या होल्डरला जोडल्यास थेट शॉर्ट होऊ शकतो.

खाडीपलीकडे (दाभोळ)

अवांतराबद्दल क्षमा असावी. मी गेल्या वर्षी बाजारात जाऊन "एलईडीची पट्टी द्या" असे म्हटले, तेव्हा दुकानदाराने ट्यूबलाइटची चार फुटी पट्टी बांधून दिली. दुसऱ्या दुकानात "चिकटवायची पट्टी" म्हटले, तर त्याने काळी इन्सुलेशन टेप पुढे केली. शेवटी "गणपतीच्या मखराला मागून लावतात ती" असे म्हटल्यावर गुंडाळी बाहेर आली. तेव्हा पोफळीताई, मखराचे नाव घ्या.

चिरेबंदी (चिपळूण)

मापे दिलीत म्हणून हिशेब मांडता येतो.

तुमच्या २० वॅटच्या दोन ट्यूब नव्या असताना मिळून सुमारे २००० ल्युमेन (प्रकाशाचे माप) प्रकाश देत असतील. त्यातला निम्मा वर पत्र्याकडे जाऊन परत येताना घटतो. २८३५ जातीच्या (हा दिव्याच्या आकाराचा क्रमांक), मीटरला १२० दिवे आणि ९.६ वॅट अशा पट्टीतून मीटरमागे साधारण ९०० ल्युमेन मिळतात, आणि ते सगळे खालच्या दिशेने जातात. ७० सेंटिमीटरच्या चार ओळी लावल्यात तर २.८ मीटर पट्टी लागेल. त्याचे होतात २७ वॅट आणि अडीच हजारांच्या आसपास ल्युमेन. काच थोडा प्रकाश खाईल, तरीही आजच्यापेक्षा ओटी चांगली उजळेल.

व्होल्टेज २४ घ्यावे. १२ व्होल्टवर याच पट्ट्यांना सव्वादोन अँपिअर प्रवाह लागतो, २४ वर तो निम्मा होतो. प्रवाह निम्मा झाला की तारेतला अपव्यय एक चतुर्थांशावर येतो, त्यामुळे ड्रायव्हर पेटीपासून चार-पाच मीटर दूर ठेवला तरी फरक पडत नाही. तो दूरच ठेवायला हवा, त्याबद्दल वायरमनकाका सांगतीलच. २४ व्होल्टची अशी पट्टी सहसा सहा दिव्यांनंतर, म्हणजे दर ५ सेंटिमीटरवर कापता येते. ७० सेंटिमीटरला बरोबर चौदा तुकड्यांची लांबी बसते. चारही ओळी समांतर जोडाव्यात. एकीच्या शेपटाला दुसरीचे डोके जोडत गेल्यास शेवटची ओळ पहिलीपेक्षा मंद दिसू शकते.

ड्रायव्हर २४ व्होल्टचा, ४० वॅटचा आणि स्थिर व्होल्टेजचा असावा. छतातल्या गोल दिव्यांचा ड्रायव्हर स्थिर प्रवाहाचा असतो. दुकानात तो "चालेल की" म्हणून हातात ठेवतात, पण तो या पट्टीला चालत नाही. २७ वॅटला ४० वॅटचा अशासाठी की पूर्ण भाराने राबणारा ड्रायव्हर तापतो आणि तापलेला ड्रायव्हर लवकर जातो.

दुधी काचेतून दिव्यांचे ठिपके दिसू नयेत यासाठी पट्टी आणि काच यांतील अंतर दोन दिव्यांमधील अंतरापेक्षा बरेच जास्त हवे. तुमच्या पट्टीत ते अंतर ८ मिलिमीटर आहे आणि पेटीची खोली ११ सेंटिमीटर, त्यामुळे ठिपक्यांची चिंता नाही. ओळींमध्ये मात्र ९ सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा सोडू नका, नाहीतर ठिपक्यांऐवजी पट्टे दिसतील.

राहता राहिली विजेची बचत. आज चोकसह सुमारे ५६ वॅट जळत असतील, पुढे ड्रायव्हरसह ३१ जळतील. रोज पाच तास धरले तर वर्षाला ४५ युनिटे वाचतात. त्यासाठी कोणी हा उपद्व्याप करू नये. घरघर आणि लुकलुक थांबते हेच खरे कारण आहे.

रातांबा (रत्नागिरी)

हिशेब उत्तम आहे, पण माझा मुद्दा उजेडाचा नव्हता, दुरुस्तीचा होता. सहा वर्षांनी एका ओळीतले सहा दिवे गेले तर त्याच छटेची पट्टी मिळणार नाही. मग एक ओळ पिवळी आणि तीन पांढऱ्या असा प्रकार होईल. ट्यूब गेली तर पोफळीताईंच्या सासूबाईसुद्धा गड्याला दापोलीला पाठवून नवी आणवू शकतात. पट्टी गेली तर सोल्डरिंगची कानस... क्षमा करा, सोल्डरिंगची इस्तरी हातात धरणारा माणूस लागतो आणि तो अंजर्ल्यात पावसाळ्यात कुठे शोधायचा? शिवाय माझी जोडणी कोणत्याही गावातल्या कोणत्याही वायरमनला बघताक्षणी कळते.

मालवणी मसाला (मालवण)

मी दोन्ही बाजूंनी पोळलेला आहे. आमची पर्यटकांसाठीची चार खोल्यांची जागा किनाऱ्यालगत आहे. चार वर्षांपूर्वी पडवीच्या वाशांखाली २० मीटर पट्टी लावली. दिवाळीत लावली आणि पुढच्या नारळी पौर्णिमेला तिच्यातले निम्मे तुकडे मेलेले होते. काढून पाहिले तर एकही दिवा स्वतः गेलेला नव्हता. गेले होते ते जोड. पट्टीच्या दोन तुकड्यांना जोडायला प्लॅस्टिकच्या चिमटीसारखे कनेक्टर वापरले होते. त्यांच्या आत हिरवी बुरशी वाटावी असा तांब्याचा गंज साचला होता. खाऱ्या दमट हवेत नुसत्या दाबावर टिकणारा जोड टिकत नाही, तिथे सोल्डरच हवे.

दुसऱ्या वर्षी सोल्डर केले आणि वरून सिलिकॉन भरले. ते जोड आधीच्यापेक्षाही लवकर गेले! पुढे एका बोटदुरुस्तीवाल्याने कारण सांगितले. स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसेटिक आम्लाचा असतो आणि ते आम्ल तांबे खाते. त्याला "न्यूट्रल" प्रकारचे, वास न येणारे सिलिकॉन लागते. ते किंचित महाग असते. तिसऱ्या वर्षापासून माझी पट्टी चालू आहे.

सिलिकॉनची झूल असलेली, जलरोधक म्हणून विकली जाणारी पट्टी घेतली तरी जिथे कापाल तिथे ती उघडीच पडते आणि ओल त्या टोकातून आत शिरते, हेही सांगून ठेवतो. पेटी ओटीवर, छपराखाली असेल तर साधी पट्टी घ्यावी आणि जोड नीट झाकावेत. झुलीत उष्णता अडकते आणि कालांतराने ती झूल पिवळी पडते.

सुरंगी (वेंगुर्ले)

छटेबद्दल अजून कोणी बोलले नाही. सागवानाला ३००० केल्विनचा उबदार उजेड शोभतो. ६५०० चा पांढरा निळसर उजेड लावलात तर पेटी दवाखान्यातली वाटेल. खोक्यावर रंगनिर्देशांक (उजेडात रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप) ९० असलेली पट्टी मिळाली तर तीच घ्या. कमी निर्देशांकाच्या उजेडात गणपतीच्या शेल्याचा लाल रंग मेल्यासारखा दिसतो, हे मी आमच्याच घरी पाहिले आहे.

करवंद (देवरूख)

सुरंगीताईंचे म्हणणे देखाव्यासाठी ठीक आहे, परंतु वयस्कर माणसांना पोथी वाचायला पांढरा उजेड बरा वाटतो. आमचे वडील उबदार दिव्याला "कंदील" म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

एलईडीतला पांढरा मुळात निळाच असतो, हे पुष्कळांना माहीत नसते. निळ्या दिव्यावर पिवळ्या फॉस्फरचा (उजेडाचा रंग बदलणाऱ्या पदार्थाचा) लेप चढवला की पांढरा उजेड दिसतो आणि लेप बदलला की छटा बदलते. तो निळा दिवा साधेपर्यंत शास्त्रज्ञांची कित्येक वर्षे गेली. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. मखरामागची पट्टी लावताना आपण ते विसरतो.

सुरंगी (वेंगुर्ले)

कंदील म्हटले तर म्हणू देत. पण मृगाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे ज्या दिव्यावर झुंडीने येतात तो नेहमी ट्यूबचा किंवा निळसर उजेडाचा असतो. ट्यूबमधून थोडे अतिनील किरण बाहेर पडतात, एलईडीतून ते जवळपास पडत नाहीत आणि छटा जितकी उबदार तितके किडे कमी. किडे कमी तर पाली कमी. दुधी काचेवर मेलेल्या पाकोळ्यांची नक्षी नको असेल तर हा विचार करावा.

निवृत्त वायरमन (गुहागर)

चिरेबंदी यांनी ड्रायव्हर दूर ठेवायला सांगितले ते शंभर टक्के बरोबर. पट्टी दहा वर्षे जाईल, ड्रायव्हर जाणार नाही. त्याच्या आत कपॅसिटर असतात, ते उष्णतेने सुकतात. वळवाच्या पावसातली वीज आणि तारांवर पडणारी माडाची झावळी यांनी व्होल्टेजचे जे धक्के बसतात तेही आधी ड्रायव्हरच खातो. तो पेटीत ठेवलात तर दर वेळी शिडी लावून काच उतरवावी लागेल आणि एक दिवस ती काच फुटेल. ड्रायव्हर भिंतीवर, बटणांच्या फळीशेजारी, झाकणाच्या डबीत, हात पोहोचेल अशा उंचीवर ठेवावा. जांभ्याच्या भिंतीला ओल येत असेल तर डबी थेट भिंतीला न टेकवता मागे लाकडी फळी घ्यावी. ड्रायव्हरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि "आर" या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. नुसते वजनाने हलके, बिननावाचे खोके घेऊ नये. ढग गडगडू लागले की त्या बाजूचा एमसीबी (फळीवरचा वीज तोडणारा छोटा स्विच) खाली करावा, हा जुनाच उपाय अजूनही सर्वांत स्वस्त आहे.

पट्टीमागच्या गोंदावर विसंबू नका. आपल्या हवेत तो एका पावसाळ्यात सोडतो. शिवाय लाकूड उष्णता वाहून नेत नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमची सपाट पट्टी किंवा चॅनेल आणावे, स्पिरिटने पुसून त्यावर एलईडी पट्टी चिकटवावी आणि दोन्ही टोकांना व मध्ये बारीक क्लिप माराव्यात.

रातांबा यांच्या आक्षेपाला उत्तर असे की, राहिलेली पट्टी घरातच जपून ठेवायची. गुंडाळी पाच मीटरची येते आणि तुम्हाला २.८ लागणार आहे. म्हणजे त्याच छटेचा, त्याच घाण्याचा तीन ओळींचा सुटा माल कपाटात तयार राहतो. सोल्डर करणाऱ्या माणसाबद्दल मात्र ते म्हणतात ते खरे आहे.

वेळासची वाळू (मंडणगड)

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले त्यानंतर आमच्या वाडीत सव्वा महिना वीज नव्हती. तेव्हापासून मी कमी व्होल्टच्या पट्ट्यांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. माझ्या माजघरात १२ व्होल्टची पट्टी आहे आणि ती छपरावरच्या सौर पॅनेलने भरणाऱ्या बॅटरीवर थेट चालते. इन्व्हर्टरही लागत नाही. हा फायदा ट्यूबमध्ये नाही. पोफळीताईंनी २४ ऐवजी १२ चा विचार करावा.

चिरेबंदी (चिपळूण)

कल्पना चांगली आहे, पण "थेट" या शब्दाशी मी सहमत नाही. शिशाची १२ व्होल्टची बॅटरी भरली जात असताना १४.४ व्होल्टपर्यंत जाते. पट्टीत व्होल्टेज थोडे वाढले तरी प्रवाह बराच वाढतो, पट्टी तापते आणि तिचे आयुष्य घटते. मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा छोटा कन्व्हर्टर बसवा. अडीचशे-तीनशे रुपयांचे काम आहे. आपली पट्टी २०२० पासून टिकली असेल तर ती बहुधा रात्रीच वापरली जात असेल, बॅटरी भरत नसताना.

वेळासची वाळू (मंडणगड)

रात्रीच वापरतो, हे खरे. दिवसा माजघरात दिवा लावला तर आई ओरडते. कन्व्हर्टर मागवतो.

बेल्जियन काच (राजापूर)

याच धाग्यात विचारतो. आमच्याकडे देवघरात काचेची जुनी हंडी आहे, तिच्यात पूर्वी तेलाचा दिवा असे, मग बल्ब आला. तिच्यात पट्टी गोल गुंडाळून बसवता येईल का?

सुरंगी (वेंगुर्ले)

कृपया बसवू नका. हंडी पारदर्शक असते, पट्टीची पाठ आणि तारा दिसतील. तिथे पिनहोल्डरचा चार वॅटचा, तंतूसारखे एलईडी असलेला पारदर्शक बल्ब लावा. पट्टी तिथेच शोभते जिथे ती स्वतः दिसत नाही.

पोफळीची बाग (अंजर्ले)

सर्वांचे मनापासून आभार. आज वायरमनला बोलावून पेटी खाली उतरवली. पावसाने लाकूड फुगल्यामुळे काचेची चौकट निघता निघेना, शेवटी तिच्या खाचेत मेण चोळून हळूहळू सरकवली. आत पालीची अंडी, ओंजळभर पाकोळ्या, एका चोकमधून गळून वाळलेले काळे डांबर आणि फळीच्या आतल्या बाजूला सुताराने पेन्सिलने तसूंत लिहिलेली मापे मिळाली. सासूबाई ती मापे पाहून बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

काकांनी सांगितल्याप्रमाणे तारेचा भुगा झाला आणि बटण न्यूट्रलवरच निघाले. अर्थिंग नव्हते. ते काम उद्या आहे.

दुधी काच मी सोड्याच्या पाण्याने धुतली. उदबत्ती, धूप आणि चुलीच्या धुराचा चाळीसएक वर्षांचा थर निघाला. धुतलेली काच परत बसवून उरलेली एक ट्यूब सहज लावून पाहिली, तर ओटी इतकी उजळली की दीर म्हणाले, "मग आता कशाला बदलता?" त्यांना घरघर ऐकवली.

आता एक शंका. काढलेल्या ट्यूबचे काय करायचे? भंगारवाला चोक आनंदाने घेतो, ट्यूब घेत नाही.

करवंद (देवरूख)

फोडू नका आणि माडाच्या आळ्यात तर पुरूच नका. ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ असते. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत अशा ट्यूबही येतात, त्यामुळे त्या ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्यायच्या. तोपर्यंत मूळ पुठ्ठ्याच्या नळीत घालून उंचावर ठेवा. चुकून फुटलीच तर खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबा, केरसुणी न फिरवता ओल्या कागदाने तुकडे टिपा आणि ते बंद बरणीत ठेवा. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या देशांनी २०२३ मध्ये असे ठरवले आहे की पारा असलेल्या या ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची. तेव्हा रातांबा यांच्या जुन्या ट्यूबची बाजू तशीही संपत आली आहे.

रातांबा (रत्नागिरी)

मी एलईडी ट्यूबची बाजू घेतली होती, पाऱ्याच्या ट्यूबची नव्हे. वाचकांनी नोंद घ्यावी.

पोफळीची बाग (अंजर्ले)

गौरी-गणपती पार पडले, म्हणून सविस्तर लिहिते.

मूळ पत्रा काढून त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पत्रा दापोलीहून कापून आणला. त्यावर ७० सेंटिमीटरच्या चार ओळी, २४ व्होल्ट, ओळींमध्ये साडेआठ सेंटिमीटर. हा पत्रा चार स्क्रूंवर बसतो आणि सबंध बाहेर येतो. रातांबा यांचा आक्षेप मला पटला होता, म्हणून ट्यूबचे जुने होल्डर काढले नाहीत, नुसते तारेपासून तोडले. पुढे कधी पट्टी मिळेनाशी झाली तर पत्रा उतरवून एलईडी ट्यूब लावता येतील. ड्रायव्हर बटणांच्या फळीशेजारी डबीत आहे.

छटेचा निकाल असा लागला. ३००० आणि ४००० केल्विनचे हातभर तुकडे आणून एकेक संध्याकाळ पेटीत ठेवले. सासूबाईंनी दोन्ही संध्याकाळी गुरुचरित्राचे तेच पान वाचले आणि ४००० निवडले. माझे मत ३००० चे होते. ओटीवर रोज त्या बसतात, मी स्वयंपाकघरात असते, त्यामुळे मी वाद घातला नाही. सुरंगीताई, शेल्याचा लाल रंग मात्र जिवंत दिसतो, निर्देशांक ९० चीच घेतली.

एक चूक झालीच. आमच्या वायरमनकडे सोल्डरिंगची इस्तरी नव्हती आणि चतुर्थीला आठ दिवस उरले होते, म्हणून चिमटीचे कनेक्टर लावले. हरतालिकेच्या रात्री तिसरी ओळ लुकलुकू लागली. मालवणी मसाला यांचे शब्द आठवले! विसर्जनानंतर पत्रा खाली काढला, शेजारच्या आळीत रेडिओ दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत त्यांच्याकडून चारही जोड सोल्डर करून घेतले आणि न्यूट्रल सिलिकॉन लावले. आजोबांनी पैसे घेतले नाहीत. उलट स्वस्त ड्रायव्हरमुळे मध्यम लहरींवर खरखर येते, अशी तक्रार त्यांनी माझ्याकडे केली. आमचा ड्रायव्हर लावल्यावर त्यांचा रेडिओ शेजारी ठेवून पाहिला, फारसा फरक पडला नाही.

आता दोन मीटरच्या आसपास पट्टी उरली आहे. दीर म्हणतात की ती समुद्राकडच्या पडवीच्या वळचणीला लावू, अंगण उजळेल.

वेळासची वाळू (मंडणगड)

ताई, ती पट्टी कपाटातच ठेवा, वायरमनकाकांनी सांगितल्याप्रमाणे दुरुस्तीसाठी. आणि समुद्राकडे तोंड करून तर लावूच नका. अंजर्ल्याच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्ले बाहेर पडतात. ती जिकडे क्षितिज जास्त उजळ दिसते तिकडे चालतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते समुद्राकडचे असते, तुमच्या पडवीत दिवा लागला की ते तुमच्या अंगणाकडचे होते. दिवा लागणारच असेल तर पिवळसर नारिंगी छटेचा, वरून झाकलेला, फक्त पायरीवर पडेल एवढाच लावा आणि डिसेंबर ते मे तोही रात्री बंद ठेवा.

पोफळीची बाग (अंजर्ले)

दिरांना वाचून दाखवले. पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून, तांदळाच्या पुरचुंडीसह डब्यात ठेवली आहे. डब्यावर व्होल्ट, छटा आणि ड्रायव्हरचे वॅट लिहून चिकटवले आहेत.

खाडीपलीकडे (दाभोळ)

डब्यावर "पट्टी" एवढेच लिहू नका म्हणजे झाले.